पाचवी, पोटदुखी आणि भरलेली बाटली

मुलगी, वय दहा, इयत्ता पाचवी. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरून एसटीने आमच्या हायस्कूलला येणारी. तक्रार अशी: रोज सकाळी पोटात कळ, कधी मळमळ, आणि शाळेचं नाव काढलं की रडू. सुरुवात जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात. चौथीपर्यंतची हजेरी मात्र जवळजवळ पूर्ण, आजारपणाचा इतिहास नाही.

एकच मुलगी समोर ठेवून हे लिहिलं असलं, तरी तपशील पाचवीत येणाऱ्या अशा अनेक मुलांकडून गोळा झालेले आहेत. त्यामुळे तिला नाव दिलेलं नाही आणि वाडीही कुठली ते शोधायला जाऊ नये.

आधीची शाळा आणि नंतरची

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत धरलं. आपल्याकडची जुनी घडी वेगळी होती: चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल. बऱ्याच डोंगराळ गावांत ती अजून तशीच चालू आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची एकाच जूनमध्ये शाळा बदलते, गाव बदलतं आणि प्रवासही सुरू होतो. शहरातल्या मुलाचा हा टप्पा वर्गाची खोली बदलण्याइतका साधा असतो. तालुक्याच्या आतल्या वाडीवर तो तसा नसतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

हिची जुनी शाळा दोनशिक्षकी. पटावर वीसच्या आत मुलं, खाली बसायला बस्कर, आणि गुरुजींना तिच्या म्हशीचं नावसुद्धा ठाऊक. घर शाळेला लागून. तहान लागली की घरी, लघवीला लागली की घरी. वडील नवी मुंबईत माथाडी कामगार. पाटण-जावळी भागातल्या पिढ्यान् पिढ्या मुंबईत आणि नंतर वाशीच्या बाजारात ओझी उचलायला गेल्या, त्यातलेच एक. घरी आई, आजी, आजोबा आणि धाकटा भाऊ.

हायस्कूलात पाचवीच्या तुकडीत साठाच्या वर मुलं. आठ तासिका, प्रत्येक तासिकेला वेगळे सर नाहीतर मॅडम, आणि घंटा झाली की बोलणं अर्धवट सोडून उठून जाणारी माणसं. हिंदी हा विषय नवाच. वाडीत तिला घरच्या लाडक्या नावाने हाक मारत. इथल्या हजेरीपटावर मात्र ती आडनावापासून सुरू होणारं पूर्ण नाव आणि एक हजेरी क्रमांक. हे पूर्ण नाव तिने मोठ्याने म्हटलेलं फारसं ऐकलेलंच नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी ती ‘हजर’ म्हणायची राहिली. दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर दचकून उठली, आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

त्याआधी, त्याच सकाळी, प्रवेशोत्सव झाला होता. लेझीम, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, पाहुण्यांचं भाषण आणि भरपूर फोटो. नव्या मुलांना रांगेत पुढे उभं केलं. पहिलीच्या मुलांसाठी हा सोहळा बरा असेलही, कारण त्यांच्याबरोबर आईबाप असतात आणि फुलाचं अप्रूपही असतं. पाचवीच्या बुजऱ्या मुलीला मात्र सगळ्या अनोळखी शाळेसमोर उभं करण्यात तिचं स्वागत किती आणि आपल्या अहवालाची सोय किती, असा प्रश्न मला पडतो. तिला त्या सकाळी फुलापेक्षा एवढंच कोणी सांगायला हवं होतं की तुझा वर्ग हा, मुलींचं स्वच्छतागृह ते, आणि तुझी गाडी इथे लागते.

घरात काय दिसत होतं

पहिल्या पंधरवड्यात शाळा भरली त्याच्या जेमतेम निम्मे दिवस ती आली. रविवारी संध्याकाळपासून गप्प. सोमवारची सकाळ सगळ्यात वाईट. सकाळची गाडी फाट्यावरून निघून गेली, की तासाभरात दुखणं ओसरायचं आणि ती भाकरी खाऊन भावाबरोबर पडवीत खेळायची. हे पाहून आजोबांचं मत झालं की पोरगी नाटकं करते.

ती नाटक करत नव्हती. भीतीच्या वेळी शरीर जी तयारी करतं तिच्यात पोटाचा वाटा मोठा असतो: पचन मंदावतं, आतडी आकसतात, मळमळतं. कळ खरीच असते. गाडी गेल्यावर ती थांबते, कारण धोका टळलेला असतो. खरा घोटाळाही तिथेच होतो. घरी राहिल्याने जी सुटका वाटते ती एक प्रकारची बक्षिसीच ठरते, आणि दुसऱ्या दिवशी शाळा कालच्यापेक्षा जड वाटू लागते. शिवाय बुडालेल्या दिवसांत वर्ग पुढे सरकतो, ओळखी जुळतात, बाकांवरच्या जागा पक्क्या होतात. चार दिवस घरी राहिलेलं मूल पाचव्या दिवशी जास्त परकं होऊन येतं. म्हणून ‘दोन दिवस राहू दे घरी, होईल सवय’ हा प्रेमाने दिलेला सल्ला सगळ्यात महाग पडतो.

कारण काय, याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम होतं. आजीने मीठ-मोहरी उतरून दृष्ट काढली आणि ओवा चावायला दिला. आईला वाटत होतं इंग्रजी-हिंदी झेपत नाही. वडिलांनी फोनवर एकच विचारलं, “सर मारतात का तुला?” (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, पण बापाला पहिली शंका तीच येते, आणि ती यावी यात काही गैर नाही.) शिक्षकांच्या खोलीत लाडाचा मुद्दा निघाला. एकुलती मुलगी, बाप लांब, आजीचा पदर धरून वाढलेली, वगैरे.

आईला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगितलं. हा क्रम मी सोडत नाही. पोटदुखी भीतीची आहे असं आपण ठरवून टाकायचं आणि निघायचे जंत किंवा लघवीचा संसर्ग, असं होऊ नये. डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासायला दिली. संसर्ग नव्हता. पण लघवी गडद होती आणि मुलगी पाणी फार कमी पिते असं त्यांनी आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, “मॅडम, मी रोज बाटली भरून देते. ती भरलेलीच परत येतीया.”

कारण सापडलं ते असं

मुलांना ‘का घाबरतेस?’ विचारलं की हाती फारसं काही लागत नाही. मोठ्यांनाही त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं काम होतं, ते घेऊन तिच्याबरोबर बसले आणि सकाळी उठल्यापासून परत घरी जाईपर्यंत ती कुठे कुठे जाते, एवढंच विचारलं. हात कामात असले आणि समोरचा डोळ्यांत बघत नसला, की मुलं बोलतात.

फाटा, गाडी, गेट, परिपाठ, पहिली तासिका असं सगळं तिने सांगितलं. मधली सुट्टी मात्र गाळली. “मग सुट्टीत?” “बसते.” “खिचडी खाल्ल्यावर बाहेर जात नाहीस?” यावर बराच वेळ नुसता कागद दुमडण्याचा आवाज.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नव्हती. दुसऱ्या दारासमोर मधल्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलींचा घोळका असायचा. त्या काही करत नव्हत्या, फक्त मोठ्या होत्या आणि बोलत उभ्या असायच्या. तासिका चालू असताना विचारून जाता येतं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. वेगवेगळ्या सरांचे वेगवेगळे नियम असणार असं तिने गृहीत धरलं होतं, आणि त्यात ती फारशी चुकली नव्हती. तेव्हा तिने स्वतःपुरता मार्ग काढला: सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मग दुपारी डोकं दुखायचं आणि लघवी तुंबवून ओटीपोट दुखायचं. म्हणजे शाळेत गेलं की पोट दुखतं हा तिचा अनुभव होता. सकाळची कळ त्या अनुभवाच्या आठवणीने यायची.

दुसरी भीती परतीच्या गाडीची. स्टँडवर सगळ्याच गाड्या लाल. पाटी वाचता येत होती, पण गर्दीत पाटीपर्यंत पोचता येत नव्हतं. सकाळी आई फाट्यावर सोडायची, संध्याकाळी मात्र कोणी नाही. गाडी चुकली तर काय, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. आई म्हणायची, “न्हाई चुकत गं.” आजी म्हणायची, “देव हाय.”

क्रिस्टोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी शाळेला नकार देणाऱ्या मुलांकडे पाहण्याची एक मांडणी केली आहे. त्यांच्या मते मूल शाळा टाळतं ते मुख्यतः चारांपैकी एका कारणाने: शाळेतल्या एखाद्या गोष्टीने होणारा त्रास चुकवायला, चारचौघांत बोलायचा किंवा जोखलं जाण्याचा प्रसंग टाळायला, घरच्या माणसाजवळ राहायला, किंवा शाळेबाहेर काही जास्त मजेचं आहे म्हणून. कारणं एकमेकांत मिसळतात, पण मुख्य कोणतं हे कळणं महत्त्वाचं, कारण उपाय बदलतो. हिचं मुख्य कारण पहिलं, त्यात हजेरीच्या प्रसंगाने दुसऱ्याची भर. आजीच्या कुशीचा भाग नंतर, घरी राहू लागल्यावर चिकटला होता. शिक्षकांच्या खोलीत ज्याला लाड म्हणत होते तो हाच, आणि तो परिणाम होता. हिला आईपासून दूर राहायची सवय लावण्याचे उपाय केले असते तर दार तसंच बिनकडीचं राहिलं असतं.

काय केलं

कडी बसवली. शिपाई मामांनी एका दुपारी स्क्रू आणून काम संपवलं. याला समुपदेशन म्हणावं का यावर आमच्यात थोडी थट्टा झाली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात परिणामकारक उपाय तोच होता.

पाचवीला शिकवणाऱ्या सगळ्यांनी मिळून एकच नियम ठरवला: तासिका चालू असताना हात वर करून दोन बोटं दाखवायची आणि जायचं, तोंडाने विचारायची गरज नाही. नियम सगळ्या तुकडीला सांगितला. हिच्यासाठी म्हणून काही जाहीर केलं असतं तर दुसरा आठवडा नव्या छळाचा झाला असता. नियम लागू होताच किती मुली तासिकेत जाऊ लागल्या ते पाहून वाटलं, बाटल्या बऱ्याच घरी भरलेल्या परत जात असणार.

गाडीचं काम जास्त किचकट निघालं. शेजारच्या वाडीची आठवीतली एक मुलगी त्याच गाडीने जायची. तिला विचारलं, ती तयार झाली. दोघींनी शाळा सुटल्यावर गेटजवळच्या झाडाखाली भेटायचं ठरलं. पासाचा प्रश्नही होता. पाचवीपासून मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, पण शाळा उघडल्यावर सुरुवातीला दाखले, शिक्के आणि याद्या यांत दिवस जातात, आणि तोवर तिकिटाचे पैसे मुठीत धरून यायचं. त्या सुट्या पैशांची भीतीही तिच्या यादीत होती: हरवले तर? पास हातात आल्यावर ती एक गोष्ट आपोआप गळाली.

‘गाडी चुकली तर’ या प्रश्नावर मात्र आम्ही आईला आणि आजीला एक गोष्ट आवर्जून सांगितली. चुकणार नाही असं म्हणू नका. कोयनेच्या खोऱ्यात जुलैत गाडी चुकते, रद्द होते, दरड आली म्हणून मध्येच थांबते, आणि मुलीला हे माहीत आहे. खोटा धीर दिला की मूल आणखी एकटं पडतं, कारण आता भीतीही तिची एकटीची आणि ती खरी आहे हे ज्ञानही तिचं एकटीचं. त्याऐवजी चुकली तर काय करायचं ते ठरवलं. परत शाळेत यायचं. शिपाई मामा सहापर्यंत असतात. कंपासपेटीच्या झाकणाच्या आत आईचा आणि शेजाऱ्यांचा नंबर चिकटवलेला आहे, तो त्यांना दाखवायचा. पुढच्या गाडीत मामा बसवून देतील, आई फाट्यावर बॅटरी घेऊन थांबेल. हे सगळं तिच्याकडून पाठ म्हणून घेतलं नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर खरोखर चालून पाहिलं: स्टँडवर गेलो, आठवीतल्या ताईने गाडी जाऊ दिली, परत शाळेत आलो, नंबर दाखवला, फोन लावला. आईला आधी कल्पना दिली होती. फोनवर आईचा आवाज ऐकताना मुलगी चक्क हसत होती.

वर्गात बोलण्याची भीती वेगळ्या चालीने घेतली. पहिले काही दिवस हजेरीला सगळ्यांनीच नुसता हात वर करायचा. मग शेजारणीबरोबर जोडीने वाचन, मग तीन-चार जणींच्या गटात, मग जागेवर बसून एक ओळ. पायरी चढायची ती आधीची सोपी वाटू लागल्यावरच. सेतू अभ्यासाची, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीची, पूर्वचाचणी याच काळात आली. चाचणी घेणं भाग होतं, पण पाचवीचं वर्ष परीक्षेच्या शब्दाने सुरू करायचं नाही एवढं हातात होतं. तिची उत्तरपत्रिका चांगली निघाली, म्हणजे अभ्यास झेपत नाही हा आईचा अंदाज त्याच आठवड्यात निकालात निघाला.

घरासाठी एकच कडक अट होती: पोट दुखलं तरी शाळेत यायचं. ताप, उलटी, जुलाब असेल तरच घरी. शाळेत आल्यावर दुखत असेल तर एक तासिका कार्यालयात बसायची मुभा, नंतर वर्गात. आजीला ही अट निर्दय वाटली आणि तिने तसं सुनावलंही: “लेकरू तळमळतंय अन् तुमी गाडीत बसवाया सांगताय?” तिच्याशी वाद घातला नाही. ओवा चालू ठेवा म्हटलं, फक्त गाडीच्या आधी द्या.

वडिलांना रात्रीच्या फोनवरचा प्रश्न बदलायला सांगितला. रोज ‘आज रडलीस का?’ विचारलं की मूल दिवसभरातलं रडू शोधून काढतं. त्याऐवजी ‘आज खिचडीला कोणाशेजारी बसलीस?’ त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की काही दिवसांनी त्यांना वर्गातल्या निम्म्या मुलींची नावं माझ्याइतकीच येऊ लागली.

पुढे काय झालं

सरळ रेषेत काही झालं नाही. हळूहळू पोटदुखी सोमवारपुरती उरली. जुलैत अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या शाळांना सुट्टी दिली आणि शाळा उघडताच कळ पहिल्यासारखी परतली. घरचे हबकले, पुन्हा सुरुवातीपासून का म्हणून. आम्ही हबकलो नाही, कारण सुट्टीनंतर हे होतंच. आठवडी सुट्टीनंतर सोमवार जड जातो त्याच कारणाने. अट तीच ठेवली. या वेळी दुखणं दोन सकाळीच टिकलं. गणपतीच्या सुट्टीनंतर एकच सकाळ, तीही मुंबईहून आलेले वडील परत जाण्याची, आणि त्या रडण्याला शाळेच्या खात्यात टाकणं योग्य नव्हतं.

यातलं किती आमच्या उपायांनी झालं हे सांगणं कठीण आहे. जुलैच्या मध्यावर तिची मैत्री जमली, तीही दुसऱ्या एका वाडीवरून एकटीच आलेल्या मुलीशी. आम्ही केलं ते इतकंच, की हजेरी क्रमांकाने बसवायची पद्धत पाचवीपुरती बाजूला ठेवली आणि एकट्या आलेल्या मुलांना शेजारी बसवलं. पुढचं त्यांनी केलं. दोघी मिळून स्वच्छतागृहात जाऊ लागल्या, दोघी मिळून नववीच्या घोळक्यातून वाट काढू लागल्या. माझा कल असा आहे की अर्धं काम मैत्रीने केलं. पण कडी नसती आणि ती घरीच राहिली असती, तर मैत्री जमायला ती वर्गात नसतीच.

गणिताच्या तासिकेला ती वर्षभर तोंडी उत्तर देत नव्हती. वहीत बरोबर, फळ्यावर बरोबर, तोंडाने नाही. ते आम्ही रेटलं नाही.

कुठे थांबायचं आणि पुढे कोणाकडे

हिच्याबाबतीत शाळेच्या आतले उपाय पुरले. प्रत्येक वेळी पुरत नाहीत. साधारण महिनाभर प्रयत्न करूनही मूल येतच नसेल, झोप उडाली असेल, वजन घटत असेल, घरातल्या माणसाला क्षणभर सोडत नसेल, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर वर्गशिक्षकाने स्वतःच्या हातात ठेवू नये. शेवटच्या बाबतीत तर महिना काय, एक दिवसही थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्यामार्फत जिल्हा रुग्णालयात पाठवता येतं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे पालक आणि शिक्षक दोघांनाही बोलता येतं. आणि गप्प झालेल्या मुलामागे मारहाण किंवा आणखी वाईट काही असल्याची शंका आली तर 1098, म्हणजे मुलांसाठीची चाइल्डलाइन. पोटदुखीच्या प्रत्येक प्रकरणात ही शंका एकदा तरी मनाशी तपासावी. वडिलांचा प्रश्न म्हणूनच चुकीचा नव्हता.

पुढच्या वर्षापासून एक बदल केला. वार्षिक परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्येच, आसपासच्या वाड्यांवरच्या चौथीच्या मुलांना एक दिवस हायस्कूलात बोलावतो. त्यांचे गुरुजी किंवा बाई बरोबर येतात. भाषण नाही, फूल नाही. एसटीने येतात, एक तासिका पाचवीच्या वर्गात बसतात, खिचडी खातात, स्वच्छतागृह बघतात आणि संध्याकाळी स्टँडवर आपली गाडी स्वतः शोधतात. एका गुरुजींची तक्रार आहे की उन्हाळ्यात निम्मी मुलं मुंबईला गेलेली असतात, मग उपयोग काय. तक्रार रास्त आहे. मुंबईला गेलेल्यांसाठी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी गेट उघडं ठेवून पाहिलं. त्या वेळी भाताच्या पेरणीची घाई असते, त्यामुळे फारसं कोणी आलं नाही. त्यावर अजून तोड निघालेली नाही.